मंगळवारी सुधारलेला वॉर्ड

नऊ जून रोजी एक लाख अठरा हजार चारशे इतक्या रकमेचे डायपर आमच्या रुग्णालयाच्या स्टोअरमध्ये उतरले. त्याच दिवशी माझी भाची त्याच रुग्णालयात, लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात, तीन महिन्यांसाठी शिकाऊ डॉक्टर म्हणून हजर झाली. पहिल्या गोष्टीची नोंद मी साठावहीत केली. दुसरीची कुठे करणार? घरी जाऊन बायकोला एवढंच सांगितलं, "उद्यापासून दोन डबे दे."

मी या स्टोअरचा प्रमुख. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन चौतीस वर्षांपूर्वी इथे चिकटलो, येत्या जानेवारीत सुटेन. कापूस, सुया, नळ्या, पट्ट्या सगळं माझ्या सहीने बाहेर जातं. पुढे ते कुणाच्या अंगाला लागतं, ते बघायची वेळ मात्र कधी आली नव्हती. ती भाचीमुळे आली. हे लिहितोय ते तिच्याबद्दलच. मी मध्ये येतो तो माझी चूक मध्ये येते म्हणून.

सकाळी साडेसहाला ती वॉर्डात असे. आठला मोठे सर, म्हणजे विभागप्रमुख, फेरीला येत. तोवर चौदा खाटांची माहिती तिच्या जिभेवर असावी लागे. कुणाचं वजन किती, ताप कुणाला, दूध कुणी किती घेतलं, उलटी झाली तर हिरवी की पांढरी. एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात मोजपट्टी, आणि चिकटपट्टीचं वेटोळं मनगटात बांगडीसारखं. बाळाच्या छातीला लावण्याआधी स्टेथोस्कोपचं तोंड ती काखेत धरून गरम करी. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला वाटे, बाईंचा हात दुखतोय.

दुपारी अडीचच्या सुमारास ती स्टोअरमध्ये डबा खायला येई. खोक्यांच्या दोन रांगांमध्ये मी तिच्यासाठी एक स्टूल ठेवलं होतं.

"मामा, मोठ्यांच्या वॉर्डात बरं होतं," ती पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "पेशंट सांगायचा, इथे दुखतंय. इथे पेशंट नुसता रडतो. का रडतो ते आई सांगते. मग आजी येते, आईला म्हणते तुला काय कळतंय, आणि तिसरंच काहीतरी सांगते. मी फाइलमध्ये कुणाचं लिहू?"

"दोघींचं लिही."

"लिहिलं. सीनियर विचारतात, हे बाळ एक आहे की दोन?"

सीनियर म्हणजे तिच्यापेक्षा तीन वर्षांनी पुढे असलेला डॉक्टर. हुशार, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून चपळ. तीन महिन्यांनंतर तिच्या कामाचा शेरा तोच लिहिणार होता.

चौथ्या दिवशी तिच्या हातून एक घोटाळा झाला. ड्रिपची सुई हलू नये म्हणून तान्ह्यांच्या हाताला छोटी फळी बांधतात. तिने एका बाळाचं वजन त्या फळीसकट केलं आणि तसंच लिहिलं. औषध किलोच्या हिशेबाने द्यायचं असतं, म्हणजे फळीलाही औषध मिळणार होतं. इन्चार्ज सिस्टरने ते पकडलं. या सिस्टरला त्या वॉर्डात सव्वीस वर्षं झाली आहेत आणि डॉक्टर चालत येतानाच तो किती शिकलाय हे ती सांगते. ती भाचीला म्हणाली, "डॉक्टर, बाळ दोन सातशेचं आहे. उरलेलं सुतारकाम आहे."

तेव्हापासून भाचीला प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची सवय लागली. तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं. नाडी मोजली की "परत बघते". टाका पाहिला की "परत बघते". दहा दिवसांत वॉर्डात तिचं नावच 'परत-बघते' पडलं. सिस्टर फोनवर सरळ सांगे, "परत-बघते बाईंना पाठवा, लवकर संपवायचं असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवा."

आता डायपरचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ऑपरेशन झालेल्या तान्ह्या बाळाच्या अंगात पुरेसं पाणी जातंय की नाही, हे त्याच्या लघवीवरून ओळखतात. तान्ह्याला भांड्यात कर असं सांगता येत नाही. म्हणून दर तीन तासांनी डायपर काढायचा, लहान काट्यावर ठेवायचा आणि आलेल्या वजनातून कोऱ्या डायपरचं वजन वजा करायचं. उरले ते लघवीचे ग्रॅम. कोरा डायपर बावीस ग्रॅमचा, असा कागद काट्याच्या वर भिंतीला चिकटवलेला होता.

जूनच्या अठ्ठावीस तारखेला, रविवारी, पाच नंबरच्या खाटेवर एक बाळ आलं. एकवीस दिवसांचं, तीन किलो दोनशेचं. आतड्याला पीळ पडला होता. त्याच दिवशी ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं. बाळाची आई कपडे शिवायचं काम करणारी. खाटेजवळच्या लोखंडी खुर्चीवर ती ताठ बसून असे आणि डॉक्टर आले की उठून उभी राही.

या बाळाला तीन तासांत निदान दहा ग्रॅम लघवी व्हायला हवी होती. सोमवारी दिवसभर सात, आठ, सात असे आकडे आले. सीनियरने ड्रिप थोडी वाढवली. मंगळवारी दुपारी बाराला भाचीने डायपर काट्यावर ठेवला. छत्तीस. वजा बावीस, चौदा. तिने परत बघितलं, परत चौदा.

"सुटली!" सीनियर म्हणाला. "बघ, औषध कसं लागू पडतं. संध्याकाळी ड्रिप पुन्हा पहिल्यावर आण, नाहीतर फुगेल."

त्या दुपारी ती डबा खायला आली ती हसतच. "मामा, आज आमच्या वॉर्डची दृष्ट काढायला हवी. पाच बाळांची लघवी मोजतोय, पाचही जणांची एकदम वाढलीय. दोन नंबर, पाच नंबर, नऊ नंबर, सगळे सुधारले. सिस्टर म्हणते, नळ सुटलेत."

मीही हसलो. तिच्या आईचा, म्हणजे माझ्या बहिणीचा, त्याच वेळी फोन आला. "दादा, पोरगी जेवते ना नीट?" मी म्हटलं, "आज दोन माणसांचं जेवतेय."

बुधवारी सकाळी ती पाच नंबरच्या बाळापाशी गेली आणि तिथेच अडकली. आकडे छान होते. चौदा, पंधरा, चौदा. पण बाळ छान दिसत नव्हतं. नाडी जलद होती, हातपाय गारसर. डोक्यावरची टाळू तिला आदल्या दिवसापेक्षा खोल वाटली. तिने बोट फिरवलं, मग शेजारच्या बाळाच्या टाळूवर फिरवलं, मग परत याच्या.

आई म्हणाली, "डॉक्टरताई, जीभ बघा ना. बोट लावलं तर चिकटतं."

"लघवी चांगली होतेय हो त्याला."

"होते का?" आईने नुकताच काढलेला डायपर हातात घेतला. "मला तर हा ओला वाटत नाही. जाड आहे, एवढंच. माझ्या हाताखालून दिवसाला पन्नास कपडे जातात. ओलं आणि जाड यातला फरक मला कळतो."

भाचीने तो काट्यावर ठेवला. छत्तीस. वजा बावीस, चौदा. आता काट्यापुढे शिवणाऱ्या बाईच्या हाताचं काय ऐकायचं? तिने चौदा लिहिलं. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून गेलं नाही, आणि नेमकं काय करावं तेही सुचलं नाही.

मोठे सर यायच्या आधी सीनियरची फेरी असे, तेव्हा तिने तोंड उघडलं. "सर, पाच नंबरचं बाळ कोरडं वाटतंय. नाडी जलद आहे, टाळू खोल."

"वाटतंय?" सीनियर म्हणाला. "लघवी किती?"

"चौदा."

"कुणी मोजली?"

"मी."

"मग तू स्वतःलाच खोटं ठरवायला आलीयस का? नाडी दुखण्याने वाढते. टाळूला काय, बघावं तशी दिसते. आणि एक सांगतो, पुन्हा 'परत बघते' म्हणालीस ना, तर हे तीन महिनेच परत बघायला लावीन."

सगळे हसले. तीही हसली, कारण तिथे दुसरं काही करता येत नसतं.

अडीचला ती आली. डबा उघडला आणि झाकण लावून ठेवला.

"काय झालं?"

"मामा, कागद म्हणतो बाळ बरं आहे. बाळ म्हणतं मी बरा नाही. आणि कागदावर जे आहे ते मीच लिहिलंय. मला कळतच नाही, माझा हात खोटा की डोळे."

मी चौतीस वर्षांच्या सवयीने म्हणालो, "बाळं रोज वेगळी दिसतात. कागद एकच सांगतो. कागदावर विश्वास ठेव."

तिने डबा बाजूला सरकवला. मग म्हणाली, "पण पाचही जण एकाच दुपारी कसे सुधारले? दोन नंबरचं ऑपरेशन हर्नियाचं, नऊ नंबरचं पोटातल्या गाठीचं. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, ड्रिप वेगळी. आणि वाढ सगळ्यांची सात-सातच ग्रॅम."

हे ऐकल्यावर मात्र मी खुर्चीतून उठलो. औषधांतलं मला काही कळत नाही. पण पाच वेगवेगळ्या ठिकाणी सारखाच फरक पडत असेल, तर माल बघू नये, काटा बघावा, हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि पुढे अनुभवानेही शिकवलं. काटे तपासायची शिक्क्याची वजनं माझ्या कपाटात असतात. ती घेतली आणि तिच्याबरोबर वॉर्डात गेलो.

सिस्टरने मला दारात पाहिलं. "अरे वा, स्टोअरवाले! वाट चुकलात?"

"काटा तपासायचाय."

"काटा आमचा सोन्यासारखा आहे."

खरंच होता. वीस ग्रॅमचं वजन ठेवलं, वीस. पन्नासचं ठेवलं, पन्नास. दोन्ही एकत्र, सत्तर. मी वजनं पुसून पेटीत ठेवली आणि मनात म्हटलं, झालं, पोरीचा दिवस वाया गेला आणि माझाही. भाची काट्यासमोर नुसती उभी होती. बाळाची आई लांबून आमच्याकडे बघत होती. मोकळ्या काट्यावर शून्य दिसत होतं आणि भाची त्या शून्याकडे बघत होती.

"परत बघते," ती म्हणाली.

"आता काय राहिलंय बघायचं?" सिस्टर म्हणाली. "मला ठेवा काट्यावर."

भाचीने खणातून कोरा डायपर काढला आणि ठेवला.

एकोणतीस.

दुसरा ठेवला. एकोणतीस. तिसरा, तीस. मी जवळजवळ पळत खाली गेलो, नव्या खोक्यातून हाताला लागले तेवढे डायपर घेऊन वर आलो. एकोणतीस, अठ्ठावीस, एकोणतीस. सिस्टरने खणाच्या तळाशी हात घालून मागच्या खेपेचा एक चुरगळलेला डायपर शोधून काढला. त्यावर तोच आकाराचा क्रमांक, तोच रंग, तीच निळी रेघ. तो बावीस.

बाळाची आई केव्हा जवळ आली कळलं नाही. "जाडच आहे ना?" ती म्हणाली.

भिंतीवरच्या कागदाकडे तिघांनी एकदमच पाहिलं. 'कोरा डायपर: २२ ग्रॅम.' लाल शाई, वळणदार अक्षर, खाली सही. सही माझी. पाच वर्षांपूर्वी सिस्टरने सांगितलं म्हणून मी तो कागद लिहून दिला होता. या जूनमध्ये पुरवठादार बदलला, तेव्हा मी खोकी मोजली, आकार तपासला, दर तपासला. वजन तपासायचं असतं हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. जुना माल आधी, नवा नंतर, या माझ्याच नियमाने मंगळवारी सकाळी नवीन खोकं वॉर्डात गेलं, आणि मंगळवारी दुपारी पाच बाळं सुधारली.

भाची कागदावर भराभर आकडे मांडत होती. "चौदा नाही, सात. पंधरा नाही, आठ. म्हणजे सोमवारपासून याची लघवी वाढलेलीच नाही. आणि आपण काल संध्याकाळी ड्रिप कमी केली." तिने पेन खाली ठेवलं. "मामा, सरांना ते मीच कळवलं होतं. चौदा झाली म्हणून मीच नाचत सांगायला गेले होते."

"आधी फोन कर," सिस्टर म्हणाली. तिच्या आवाजातली थट्टा गेली होती.

सीनियर ऑपरेशन थिएटरमधून बाहेर येत होता. फोन जवळच होता, त्यामुळे त्याचं बोलणं मलाही ऐकू आलं.

"म्हणजे काल दुपारपासून तू चुकीचं लिहितेयस?"

"हो सर."

"किती आकडे?"

"प्रत्येकाचे नऊ. पाच बाळांचे पंचेचाळीस."

"आणि हे तुला कुणी सांगितलं?"

तिने आईकडे पाहिलं. "पाच नंबरच्या आईने. सकाळीच सांगितलं होतं."

तो चार मिनिटांत वर आला. बाळाच्या टाळूवर बोट ठेवलं, मग हाताची पट्टी सोडली. पट्टीखालचा हात सुजून मऊ झाला होता. सुई शिरेतून सरकली होती. ड्रिपचं पाणी किती वेळ रक्तात न जाता कातडीखाली जात होतं, कोण जाणे. दुसऱ्या हाताला नवी सुई लावली ती सीनियरनेच, पहिल्याच प्रयत्नात. मग पिचकारीने त्याच सुईतून हळूहळू पाणी दिलं. भाची घड्याळ धरून नाडी मोजत होती. आई खाटेचा गज धरून उभी होती. मी कुठे उभं राहावं ते न कळल्यामुळे वजनांची पेटी छातीशी धरून दाराजवळ उभा होतो.

सहा वाजता नाडी खाली आली. रात्री नऊच्या डायपरात नऊ ग्रॅम, एकोणतीस वजा करून. गुरुवारी सकाळी तेरा. बाळ आईच्या बोटाला झोंबायला लागलं. इतर चार बाळांचे आकडे भाचीने पुन्हा मांडले. तिघांचं तरीही पुरेसं होतं, नऊ नंबरची ड्रिप थोडी वाढवावी लागली.

गुरुवारी मोठ्या सरांनी सगळ्यांना खोलीत बसवलं. मलाही बोलावलं. सीनियर म्हणाला, "सर, सुई सरकली होती. मुख्य कारण ते." भाची म्हणाली, "सर, डायपरचं वजनही. आकडे खरे असते तर सुई मंगळवारीच बघितली असती." मी म्हणालो, "कागद माझा आहे."

मोठे सर चष्मा पुसत होते. "दोन्ही लिहा."

"कशामुळे किती, सर?" भाचीने विचारलं.

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

एवढंच. कुणाला रागावले नाहीत. सीनियरने बाहेर आल्यावर तिला म्हटलं, "टाळूचं तू फेरीत सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही. तेही लिही." आणि दोन पावलं गेल्यावर मागे वळून, "पण टाळू मोजपट्टीने मोजायला जाऊ नकोस." मी त्याच दिवशी प्रशासनाला पत्र दिलं. खेप बदलली, वजन तपासलं नाही, वॉर्डला कळवलं नाही, जबाबदारी माझी. आठवड्याने उत्तर आलं: 'नोंद घेतली.' कसली नोंद, कुणी, कुठे, ते पत्रात नाही. शिक्षा झाली असती तर निदान किती चुकलो ते कळलं असतं.

बाळ नवव्या दिवशी घरी गेलं. जाताना आईने भाचीला विचारलं, "आता घरी कुठला डायपर वापरू?" भाची म्हणाली, "कुठलाही. तुमचा हात आहे ना."

त्यानंतर एकदा डबा खाता खाता ती मध्येच थांबली. "मामा, मी त्याला वाचवलं, की मीच त्याला एक दिवस वाळवलं?"

मी विचार केला. एका बाजूला टाळू, पाच बाळं, काट्यावर ठेवलेला कोरा डायपर. दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस आकडे आणि सकाळी ऐकून सोडून दिलेलं एक वाक्य. दोन्ही तिचंच. आणि दोन्हीच्या मागे माझी लाल शाई.

"मला नाही कळत गं," मी म्हणालो.

"मलाही नाही."

"जेव."

ती जेवली. मग घड्याळ बघून उठली, कारण तीनचे डायपर मोजायचे होते. अजून दोन महिने तिचे तिथे बाकी आहेत. शेरा काय मिळेल सांगता येत नाही. सिस्टर मात्र हल्ली तिला 'परत-बघते' म्हणत नाही, नुसतं 'डॉक्टर' म्हणते. यामुळे ती जास्तच गोंधळली आहे. सिस्टर रागावलीय का, असं तिने मला दोनदा विचारलं.

बुधवारी, एक जुलैला, मी नव्या खोक्यातून वॉर्डात नेलेले डायपर नंतर मोजले. ते बारा होते आणि मागणीपत्राशिवाय नेले होते. बारा डायपर वॉर्डाकडून स्टोअरला येणे आहेत.